माउलीच्या दारात

वाचक माउली, या महिन्याचे निरूपण दुसऱ्याच विषयावर ठरले होते. ते तूर्त बाजूस ठेवून एका मायेच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसले आहे. उत्तर तिला तोंडी देता आले नाही. त्या वेळी मला ते सुचलेच नाही, हे आधी कबूल करते.

आमचे गाव अहमदपूर आणि लोहा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला नांदेड. एकादशीच्या पोथीला दोन्हीकडची माणसे येतात. गेल्या एकादशीस पोथी झाली, आरती झाली, माणसे पांगली, तरी एक बाई खांबाला टेकून बसूनच राहिली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून पार चुरगळलेले. मी समई लहान केली तेव्हा ती जवळ सरकली.

“ताई, एक विचारू का? पोरगं घरी आलंय माझं. ठेवून घेऊ का हाकलून देऊ?”

पोरगा सोळा वर्षांचा. नांदेडला शिकायला म्हणून ठेवलेला. तिथे चार पोरांच्या संगतीने मोटारसायकली चोरण्यात सापडला. अठराच्या आतला, म्हणून प्रकरण बालन्याय मंडळापुढे गेले आणि मंडळाने त्याला आईबापाच्या हवाली केले. बापाने मात्र पाय रोवला, हा उंबऱ्याच्या आत आला तर मी बाहेर. पोरगा आठ दिवस गोठ्यात झोपत होता. “आन् ताई,” ती म्हणाली, “दोन पिढ्यांची वारी हाय आमच्या घरात. माळकऱ्याच्या घरात असलं लेकरू निपजलं, म्हंजी माझी भक्ती कुठंतरी खोटी पडली का?”

असे हे दोन प्रश्न. दुसरा आधी घेते, कारण पहिल्याची गाठ त्यातच बसलेली आहे.

आपण पंढरीला कोणाच्या दर्शनाला जातो? विठ्ठलाच्या. विठ्ठल तिथे कोणासाठी उभा आहे? पुंडलिकासाठी. आणि तो पुंडलिक आरंभी कसा होता? ही कथा आपण लहानपणापासून ऐकली, पण तिचा आरंभ आपण घाईने उरकतो आणि विटेवर येऊन थांबतो. आरंभ असा की पुंडलिक हा आईबापांना छळणारा मुलगा होता. म्हातारी-म्हातारा पायी काशीला निघाले, तर हा बायकोसह सुखात निघाला आणि त्यांना वाटेतही राबवू लागला. पुढे कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याने पहाटे पाहिले की मळक्या वस्त्रांच्या स्त्रिया येतात, झाडलोट करतात, पाणी भरतात आणि निर्मळ होऊन परत जातात. त्या गंगा-यमुनादी नद्या होत्या. लोकांचे पाप अंगावर घेऊन त्या मळत आणि एका मातृपितृभक्ताच्या अंगणात सेवा करून शुद्ध होत. ते पाहून पुंडलिकाला स्वतःची लाज वाटली आणि तो फिरला.

आता या कथेत एक गोष्ट आहे ती पाहा. पुंडलिक फिरला तेव्हा त्याचे आईबाप जागेवर होते. त्यांनी त्याला टाकले असते, तू आमचा नव्हेस म्हणून दुसरी वाट धरली असती, तर पश्चात्ताप झालेल्या पुंडलिकाने पाय कोणाचे चेपले असते? आणि वीट कोणासाठी फेकली असती? आपल्या संप्रदायाचा पाया ज्या विटेवर आहे, ती वीट एका वाया गेलेल्या मुलाच्या हातची आहे. तेव्हा माळकऱ्याच्या घरात असा मुलगा निघाला म्हणून भक्ती खोटी पडली, असे त्या बाईला कोणी सांगत असेल तर त्याने पुंडलिकाची कथा पुन्हा मुळापासून ऐकावी.

कीर्तनात वाल्या कोळ्याच्या आख्यानाला आपण माना डोलावतो. गल्लीतला वाल्या दाराशी आला की आपण कडी लावतो. हे मी दुसऱ्यांना बोलत नाही. माझ्याही दाराला कडी होती, ते पुढे सांगते.

“माउली” या शब्दाचा थोडा विचार करू. वारीत पोलीस माउली, पाणी वाटणारा माउली, पाच वर्षांचे पोर माउली आणि ज्याचा धक्का लागला तोही माउली. हा शब्द आपण ज्ञानोबारायांवरून घेतला. पण ज्ञानोबांची स्वतःची आई कुठे होती? विठ्ठलपंत संन्यासातून गुरूच्या आज्ञेने परत संसारात आले म्हणून आळंदीने घर वाळीत टाकले. रुक्मिणीबाई आणि विठ्ठलपंतांनी देहांत प्रायश्चित्त घेतले. मागे चार लेकरे उरली. त्यांना गाव काय म्हणून हाक मारीत होते, ते आपल्याला ठाऊक आहे. ती चौघे शुद्धिपत्र मागायला पैठणला आली, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, आपल्याच गोदेच्या काठी. तीच गोदावरी पुढे जनाबाईच्या गंगाखेडावरून वाहत नांदेडला येते. जनाबाईही अशीच, लहानपणी आईबापांपासून तुटून पंढरपुरात दामाशेटींच्या घरी वाढलेली.

म्हणजे ज्यांच्यामुळे हा शब्द आपल्या तोंडी आला, त्यांचे आईचे छत्र फार लवकर गेले. माझ्या मनाला वाटते ते असे की मातृत्व ही भरल्या घरातून सांडणारी वस्तूच असते, असे नाही. ज्याला उंबरा नाकारला गेला, त्याला उंबरा म्हणजे काय ते पक्के कळते, आणि कळल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, जगावर दात धरण्याची. दुसरी, आपणच कोणाचा तरी उंबरा होण्याची.

पहिली वाट ज्ञानोबांनाही दिसली होती, असे परंपरा सांगते. कोणी तरी टोचून बोलले, आणि तो तरुण मुलगा झोपडीची ताटी लावून आत बसला. घरात मोठे माणूस नाही. बाहेर उभी राहिली ती सगळ्यांत धाकटी मुक्ताई. ताटीचे अभंग आपण गातो तेव्हा त्यातले तत्त्वज्ञान पाहतो. मी एक आई म्हणून पाहते तेव्हा मला दिसते ते असे की तिने आधी त्याचा अपमान मान्य केला. तुला लागलेच नाही, असे ती म्हणत नाही. आणि मग संताने कसे असावे, लोक आगीसारखे झाले तर आपण काय व्हावे, हेही तिने स्पष्ट ऐकवले. गोंजारणे आणि बजावणे एकाच तोंडाने. आणि हे सारे ताटीच्या बाहेर उभे राहून. ताटी तिने मोडली नाही, आतूनच उघडू दिली.

माझी कडी ती हीच. माझा मुलगा बारावीला लातूरला होता. लातूर पॅटर्नचे नाव तेव्हाही मोठे होते आणि आजही आहे. दर साली गावोगावची पोरे तिथे खोल्या करून राहतात, पहाटेपासून शिकवण्या, भिंतीभर वेळापत्रके. मी शिक्षिका, म्हणून माझा मुलगा डॉक्टर होणारच असे मी त्याच्याही आधी गावाला सांगून बसले होते. चार महिन्यांनी कळले की तो शिकवणीला जातच नव्हता. फीचे पैसे कुठे गेले ते त्याला धड सांगता येईना. दिवसभर खोलीत पडून राही. मी गेले आणि त्याला घरी घेऊन आले, आणि आणताना एस.टी.त सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. घरी आल्यावर त्याने खोलीचे दार लावले. मी बाहेरून बोलतच राहिले. माझे नाक कापलेस, बापाचा पैसा उडवलास, आता तोंड कुणाला दाखवू. वाचक माउली, त्या बोलण्यात “तू” एकदाच होता आणि “मी” दहादा होते, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हते. वारी मात्र कधी चुकली नाही. त्या ताट घेऊन आल्या, दाराशी फतकल मारून बसल्या आणि मला हाताने गप्प केले. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “बाळा, भाकर निवायलीय. मीबी जेवले न्हाई आणखी.” अभ्यासाचे, पैशाचे अक्षर नाही. रात्री केव्हा तरी कडी वाजली. दोघे एका ताटात जेवले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, आणि ताटीचे अभंग वर्गात पंचवीस वेळा शिकवलेली मी, ते त्या रात्री प्रथम ऐकल्यासारखे ऐकले.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेले. मन आजारी पडते आणि त्याला औषध असते, हे माहीत असूनही ते आपल्या घरापुरते मान्य करायला मला वेळ लागला. मुलगा आज काय करतो, ते मुद्दाम लिहीत नाही. चांगले चालले आहे असे लिहिले तर वाचणारी म्हणेल, बरोबर, म्हणून त्या सुखी. आनंद मला त्या कडीच्या आवाजाने झाला होता. पुढचे पुढे.

अशीच एक बाई मी त्याच्या वीस वर्षे आधी पाहिली होती आणि तेव्हाही समजले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी नुकती नोकरीला लागले होते. पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, घरातले कोणी उरले नव्हते. तो पाट्या फोडायचा, लहान पोरांना चावायचा. आम्ही शिक्षक त्याला समजावून समजावून थकलो. त्याच वस्तीत एक म्हातारी होती, तिचीही सून आणि नातवंडे ढिगाऱ्याखाली गेलेली. ती रोज संध्याकाळी त्याला धरून बसवी आणि डोक्याला तेल लावी. तो शिव्या देई, ही हरिपाठ पुटपुटत तेल चोळी. महिनाभराने तो स्वतः तेलाची बाटली घेऊन तिच्याकडे जाताना मी पाहिला. कोण कोणाला सावरत होते, ते सांगणे अवघड आहे. त्या काळात भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ते काम फार मोठे झाले. मला मात्र त्याबरोबरच ती तेलाची बाटली आठवते.

आता सिंधुताई सपकाळ यांच्याविषयी लिहिते, कारण त्यांची आठवण आपल्या रेल्वे फलाटांनी ठेवायला हवी. त्या आपल्या संप्रदायाच्या नव्हत, महानुभाव पंथातल्या. १४ नोव्हेंबर १९४८ रोजी वर्ध्याजवळ पिंपरी मेघे इथे गुराख्याच्या घरी जन्मल्या. शाळा चौथीपर्यंत, लग्न बालपणीच. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने मारून बाहेर काढले, आणि गोठ्यात मुलगी झाली. तिला घेऊन माहेरी गेल्या तर माहेरचेही दार बंद. मग परभणी-नांदेड-मनमाड या रेल्वेच्या वाटेवर त्या गाणी म्हणत भीक मागत फिरल्या. त्या वेळची ती मीटर गेजची गाडी आमच्या पिढीने पाहिली आहे. जीव द्यावा असेही त्यांच्या मनात आले, पण कडेवरच्या लेकराकडे पाहून मागे फिरल्या.

त्यांच्या हकिकतीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. दिवसभरात जे मिळे ते त्या एकट्या खात नसत. फलाटावरच्या भिकाऱ्यांना बोलावीत, सगळ्यांचे तुकडे एकत्र करीत, त्याचा काला करीत आणि मग सारे मिळून जेवत. आपण काला कुठे करतो? सप्ताहाच्या शेवटी, मंडप घालून, दहीहंडी फोडून, काल्याच्या कीर्तनानंतर. नांदेड-मनमाडच्या फलाटावर त्या बाईने तो उष्ट्या तुकड्यांचा केला. पुढे त्यातूनच अनाथ लेकरे गोळा झाली, पुरंदर तालुक्यात कुंभारवळणला ममता बाल सदन उभे राहिले, हजारावर मुले त्यांना माय म्हणू लागली. नवरा म्हातारपणी आश्रयाला आला, तर त्यालाही लेकरू म्हणूनच घेतला. २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. ज्या बाईला सासर-माहेर दोन्ही उंबरे बंद झाले, ती हजारांचा उंबरा झाली. ज्ञानोबांचे आणि जनाबाईचे नाते मला इथे लागते.

येथे शंका निघेल की आई नुसते पोटाशीच धरीत बसली तर चोर पोरगा अधिकच सोकावेल. शंका खरी आहे. पण दार उघडे ठेवणे निराळे आणि चोरी झाकणे निराळे. आमच्या दिंडीत एका वर्षी भिशीच्या पैशातले काही पैसे गेले. घेणारा सतरा वर्षांचा मुलगा मुक्कामावरच सापडला. काहींचे म्हणणे पडले की परत पाठवा. विणेकरी बुवा म्हणाले, परत पाठवला तर तो पंढरपूरला पोचायचा कसा? त्याने सगळ्यांसमोर कबूल केले, पैसे आणून दिले, आणि पुढच्या सर्व मुक्कामांवर भांडी घासण्याचे आणि पाणी भरण्याचे काम त्याच्याकडे आले. पेटीची किल्ली अर्थातच दिली नाही. क्षमा म्हणजे किल्ली हाती देणे नव्हे. पण पंगतीत त्याचे पान रोज मांडले गेले.

सरकारचा कायदाही या बाबतीत आपल्यापेक्षा मायाळू निघाला, असे म्हणायला हरकत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला गुन्हेगार म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याचे प्रकरण ज्या मंडळापुढे चालते त्यात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. मुलाला घरी सोडले तरी परिवीक्षा अधिकाऱ्याची नजर ठेवता येते. त्याचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही, आणि अतिगंभीर प्रकरणे सोडली तर नोंदीही कालांतराने नष्ट करायच्या असतात, का, तर त्याला नवा आरंभ मिळावा. वर्तमानपत्र नाव छापत नाही आणि आपण ते पिंपळाच्या पारावर बसून चघळतो.

आणखी एक. असा मुलगा घरी आला की काही भाविक लगेच त्याच्या गळ्यात माळ घालतात. हेतू चांगला. पण धाकाने घातलेली माळ महिनाभरात तुटते, आणि मग चोर होता तो माळ तोडणाराही ठरतो, दोन शिक्के. माळ त्याने मागावी. तोवर टाळ द्यावा. टाळाला हात गुंततात आणि चूक झाली तर शेजारी लगेच पाहतो. आमच्याकडे संध्याकाळच्या हरिपाठाला पाच-सहा तशी पोरे येतात. दोघांचा गुटखा सुटलेला नाही, एक फोनवरच्या जुगारात बापाचे सोयाबीनचे पैसे घालवून बसला आहे. ती सुधारली असे मी म्हणणार नाही. ती येतात. ज्याचे व्यसन अंगात मुरले आहे त्याला दवाखान्यात न्यावे लागते आणि त्याबरोबर हरिपाठही चालतो. त्यांच्यातला एक परवा पाऊल चुकला आणि सगळे इतके हसले की पाठ पुन्हा पहिल्यापासून धरावा लागला. त्या हसण्यात मी होते. तेवढ्यासाठी मी रोज पाच वाजल्यापासून घड्याळ पाहते.

औसा तालुक्यातल्या हासेगावलाही जमले तर जाऊन यावे. औशाला नाथ संस्थानात चक्री भजन ऐकायला आपण जातोच, तिथून ते लांब नाही. तिथे रवी बापटले यांनी २००७ साली सेवालय सुरू केले, एच.आय.व्ही. झालेल्या मुलांसाठी. त्या लेकरांचा दोष काही नव्हता, तरी त्यांना शाळेत बसू द्यायला लोक भीत होते. ती मुले तिथे मोठी झाली, काहींचे संसारही उभे राहिले. भीती घालवायला वर्षे लागली. चोरीच्या पोराची भीती घालवायला काही कमी लागणार नाहीत, आणि तोवर आईला उंबऱ्यावर बसावे लागेल.

आता पहिला प्रश्न, ठेवून घेऊ का हाकलून देऊ. त्या रात्री मी तिला एवढेच विचारले होते, “तो जेवतो कुठं?” ती म्हणाली, “गोठ्यातच. ताट नेऊन देते.” मी म्हटले, “तू जेवतेस कुठं?” त्यावर ती काही बोलली नाही.

काल पुन्हा एकादशी झाली. ती आली होती. आज सकाळी बारस सोडायलाही आली. नवरा नव्हता. प्रसादाचा काला वाटून झाल्यावर तिने आपला वाटा खाल्ला नाही, द्रोणात घेतला आणि पदराखाली धरून बाहेर निघाली. मी मागून गेले. चपला काढतात त्या जागी एक उंच, रोड मुलगा पाठ करून उभा होता. लोकांच्या चपला पायऱ्यांवर नेहमी अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. आज त्या जोडीने लावलेल्या होत्या. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, द्रोण दोघांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, “बस बाबा. मीबी खायचीय आणखी.”